गाडीच्या स्टॅबिलिटी कंट्रोलचा पिवळा दिवा : कारण कसं शोधायचं आणि दुरुस्ती कशी करून घ्यायची



आपल्यापैकी अनेकांकडे आता चारचाकी आहे. कुणी रोज तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत जातं, कुणी सुट्टीत मुलांना घेऊन घाट उतरून गावी जातं. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर सात-आठ दिवे लागतात आणि विझतात. त्यातला एखादा दिवा विझलाच नाही की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर "चालतेय ना गाडी, मग जाऊ दे" म्हणून दुर्लक्ष करतो, नाहीतर घाबरून गॅरेजवाला सांगेल तो खर्च करून मोकळे होतो. दोन्ही वेळा नुकसान आपलंच.

आजच्या लेखात आपण अशा एका दिव्याविषयी शिकणार आहोत. खाली दोन नागमोडी रेषा आणि वर छोटीशी गाडी, असं चित्र असलेला पिवळा दिवा. हा गाडीच्या 'इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल' यंत्रणेचा दिवा. तो का लागतो, लागल्यावर आधी काय करायचं, घरी काय तपासता येतं, मेकॅनिकला काय विचारायचं आणि यातलं काय मुलांना शिकवता येईल, हे सगळं क्रमाने पाहूया.

१. एकच यंत्रणा, नावं अनेक

प्रत्येक कंपनीने या यंत्रणेला वेगळं नाव दिलं आहे, त्यामुळे गोंधळ होतो. ईएससी, ईएसपी, टोयोटाची व्हीएससी, होंडाची व्हीएसए, बीएमडब्ल्यूची डीएससी ही सगळी एकाच कामाची नावं आहेत. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत यातलं कोणतंही नाव सापडलं, तरी पुढची माहिती लागू पडते.

यंत्रणा तशी फार जुनी नाही. १९९५ मध्ये मर्सिडीझच्या मोठ्या एस-क्लास गाडीत बॉश कंपनीची ही यंत्रणा पहिल्यांदा आली. बॉशमध्ये ती विकसित करणाऱ्या चमूचे प्रमुख होते अँटन व्हॅन झँटेन हे डच अभियंते. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत, अचानक समोर आलेल्या प्राण्याला चुकवावं तसं स्टेअरिंग फिरवल्यावर मर्सिडीझची छोटी ए-क्लास गाडी उलटली. त्यानंतर कंपनीने ही यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट बसवली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सर्व हलक्या वाहनांना ती सक्तीची झाली. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा जास्त तारे मिळवायचे असतील तर गाडीत ही यंत्रणा असावी लागते. म्हणून आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही हा दिवा दिसू लागला आहे.

२. ही यंत्रणा नेमकं करते काय?

समजा, तुम्ही पावसात घाट उतरताय. वळणावर स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, पण पुढची चाकं घसरली आणि गाडी सरळच जायला लागली. किंवा उलट झालं, मागची चाकं घसरली आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली गेली. अशा वेळी माणूस घाबरून ब्रेक दाबतो किंवा स्टेअरिंग जास्तच फिरवतो. यंत्रणा घाबरत नाही. ती सतत दोन गोष्टींची तुलना करत असते :

- चालकाला गाडी कुठे न्यायची आहे?
- गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो स्टेअरिंगखालचा कोन मोजणारा सेन्सर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात चार चाकांचे चार वेग-सेन्सर आणि गाडी स्वतःभोवती किती वळतेय, बाजूला किती ढकलली जातेय हे मोजणारा सेन्सर. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत की यंत्रणा एकाच चाकाला ब्रेक लावते. गाडी सरळ जात असेल तर वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक धरते. शेपटी फेकली जात असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरते. गरज पडली तर इंजिनाची ताकदही कमी करते. एकाच चाकाला वेगळा ब्रेक लावणं आपल्या पायाला शक्यच नाही. ब्रेकचं पेडल एकच आहे.

म्हणजे या यंत्रणेला पाच-सहा ठिकाणांहून माहिती लागते. त्यातली एकही माहिती चुकीची वाटली, तर ती स्वतःला बंद करून घेते आणि पिवळा दिवा लावते. चुकीच्या माहितीवर भलत्याच चाकाला ब्रेक लागण्यापेक्षा काम थांबवलेलं बरं, असा त्यामागचा विचार आहे.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. दिवा हे लक्षण आहे, आजार नाही. ताप आला म्हणजे काय झालंय हे जसं लगेच कळत नाही, तसंच दिवा लागला म्हणजे कोणता भाग बिघडला हे कळत नाही. ते शोधावं लागतं.

३. दिवा कसा लागलाय ते आधी पाहा

गॅरेजला जाण्याआधी शांतपणे निरीक्षण करा. दिव्याच्या लागण्यातच बरीच माहिती असते.

अ) चावी फिरवल्यावर लागतो आणि काही सेकंदांत विझतो : सगळं ठीक. यंत्रणा स्वतःची तपासणी करते. उलट, चावी फिरवल्यावर हा दिवा लागतच नसेल तर शंका घ्या. जुनी गाडी विकत घेताना हे जरूर पाहा, कारण बिघाड लपवण्यासाठी दिवाच बंद केलेला असू शकतो.

आ) चालताना लुकलुकतो आणि थांबतो : यंत्रणा आत्ता काम करतेय. रस्ता निसरडा आहे, वेग कमी करा. बिघाड नाही.

इ) चित्रासोबत 'ऑफ' असं लिहिलेला दिवा लागलाय : कुणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केली आहे. मुलांच्या हाताने किंवा गाडी धुताना असं सहज होतं. बटण पुन्हा दाबा. चिखलात किंवा समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत चाक रुतलं असेल, तरच हे बटण मुद्दाम वापरायचं, कारण चाक गरगर फिरू लागलं की यंत्रणा इंजिनाची ताकद कमी करते आणि गाडी बाहेर निघत नाही. गाडी निघाली की लगेच यंत्रणा पुन्हा सुरू करा.

ई) पिवळा दिवा सतत लागलेला आहे : बिघाड आहे. साधा ब्रेक चालतो, पण घसरताना सावरणारा मदतनीस नाही. वेग कमी ठेवून, अंतर राखून गॅरेजपर्यंत जाता येतं. अनेक गाड्यांत चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून असलेली हिल होल्डची सोयही याच यंत्रणेवर चालते. तेव्हा दिवा लागलेला असताना घाटात किंवा उड्डाणपुलाच्या चढावर ती सोय मिळेलच असं धरू नका. हँडब्रेकचा वापर करा.

उ) सोबत एबीएसचा पिवळा दिवाही लागलाय : बिघाड दोघांच्या सामायिक भागात आहे. बहुतेक वेळा चाकाचा सेन्सर, त्याची वायर, फ्यूज किंवा कंट्रोल युनिट. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊन घसरू शकतात.

ऊ) सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागलाय : आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का पाहा. असेल आणि तरीही लाल दिवा असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा. ब्रेक ऑईल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्था बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं लवकर जाम होतात. मुलांना घेऊन पुढे जाऊ नका. गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करा.

ए) सोबत इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय : मूळ बिघाड इंजिनात असण्याची शक्यता मोठी. इंजिनाची ताकद हवी तशी कमी-जास्त करता येत नसेल, तर काही गाड्या स्टॅबिलिटी कंट्रोलही बंद करतात. इथे आधी इंजिनाची तपासणी करायची, चाकांच्या सेन्सरच्या मागे लागायचं नाही.

४. घरी, फारसा खर्च न करता करायच्या तपासण्या

पहिली : गाडी बंद करून पुन्हा सुरू करा. दिवा गेला आणि परत आला नाही, तर तारीख, हवामान आणि वेग वहीत लिहून ठेवा. परत आला तर ही नोंद मेकॅनिकला फार उपयोगी पडेल.

दुसरी : बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर मारताना दाब फार खाली गेला की एकाच वेळी तीन-चार दिवे लागतात. अनेक दिवे एकदम लागले असतील, तर प्रत्येक यंत्रणा वेगवेगळी बिघडली असं समजण्याआधी सर्वांना लागणारी एकच गोष्ट, म्हणजे वीज, तपासायची. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलीय का, क्लॅम्प सैल आहे का, हेही पाहा.

तिसरी : बॅटरी नुकतीच बदललीय का? बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत स्टेअरिंगचा सेन्सर 'सरळ म्हणजे कुठे' हे विसरतो. मोकळ्या जागी गाडी उभी करून, इंजिन सुरू ठेवून, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग सरळ करा आणि थोडं अंतर सरळ रस्त्यावर चालवा. अनेक गाड्यांत दिवा विझतो. काही गाड्यांत मात्र स्कॅनर लावूनच हे शिकवावं लागतं. नेमकी पद्धत माहितीपुस्तिकेत पाहा.

चौथी : टायर. चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का? चारही एकाच मापाचे आहेत का? पंक्चर झाल्यावर छोटी स्टेपनी लावली आणि तशीच राहिली, असं तर झालं नाही ना?

पाचवी : ब्रेक ऑईल. बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची पारदर्शक बाटली पाहा. पातळी 'मिनिमम' आणि 'मॅक्झिमम' या दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर नुसतं ओतून मोकळं होऊ नका. ब्रेक ऑईल इंजिन ऑईलसारखं जळत नाही. ते कमी झालं म्हणजे एक तर ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. दोन्ही पाहायलाच हवं.

सहावी : मागचे ब्रेक लाईट. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागून पाहायचं. लाईट लागत नसतील किंवा पाय काढल्यावरही लागलेलेच राहत असतील, तर पेडलजवळचा ब्रेक स्विच बिघडला असू शकतो. चालकाने ब्रेक दाबलाय की नाही हे यंत्रणेला त्या स्विचमधून कळतं. भाग छोटा आणि स्वस्त असतो. आणि ब्रेक लाईट न लागणं हा तर मागून येणाऱ्यासाठीही धोका आहे.

सातवी : गेल्या महिन्याभरात गाडीचं काय काम झालं? व्हील अलाइनमेंट, सस्पेन्शन, चाकाचं बेअरिंग, स्टेअरिंगचं काम, सीट किंवा मधला कन्सोल काढणं. दिवा अशा कामानंतर लागला असेल, तर संशयाची सुई तिकडे वळते. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागत असेल तर अलाइनमेंट नीट करून स्टेअरिंग सेन्सरचा शून्य बिंदू पुन्हा ठरवून घ्यावा लागतो.

५. स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

वरच्या तपासण्यांत काही सापडलं नाही, तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावायचा. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला तो जोडतात. इंजिनाचे कोड 'पी' अक्षराने सुरू होतात, ब्रेक आणि चाकांकडचे 'सी' ने, आणि यंत्रणांमधला संवाद तुटल्याचे 'यू' ने. बाजारात मिळणारी स्वस्त ब्लूटूथ यंत्रं बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. त्यात "कोड नाही" असं आलं म्हणजे ब्रेकची यंत्रणा ठीक आहे असा अर्थ होत नाही.

चाकांच्या वेग-सेन्सरचे काही सर्वसाधारण कोड असे :

- सी००३५ : पुढचं डावं चाक
- सी००४० : पुढचं उजवं चाक
- सी००४५ : मागचं डावं चाक
- सी००५० : मागचं उजवं चाक

बऱ्याच कंपन्या याशिवाय स्वतःचे वेगळे कोडही वापरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कोड सांगतो की त्या चाकाकडून येणारी माहिती नीट नाही. सेन्सरच खराब आहे असं तो सांगत नाही. सेन्सर, वायर, कनेक्टर, दातेरी रिंग, बेअरिंग, यातलं काहीही कारण असू शकतं. शाळेतलं उदाहरण घ्या. एखाद्या वर्गाची हजेरी ऑफिसला पोचली नाही, म्हणजे वर्गशिक्षक गैरहजर होते असं होत नाही. हजेरी घेऊन येणारा विद्यार्थी वाटेत खेळत बसला असेल! कोड पाहून थेट भाग बदलणं म्हणजे चौकशी न करता शिक्षकाला नोटीस देणं.

म्हणून मेकॅनिकला विनंती करा : "कोड बघितलात, आता चालू गाडीत चारही चाकांचा वेग एकाच वेळी स्क्रीनवर दाखवा." सरळ रस्त्यावर वीसच्या वेगाने गाडी चालवली की चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. तीन चाकं वीस दाखवतायत आणि एक शून्यावर किंवा वरखाली उड्या मारतंय, तर चोर कोणत्या कोपऱ्यात आहे ते कळलं. गाडी चालवणारा आणि स्क्रीन बघणारा, अशी दोन माणसं मात्र हवीत.

६. चाकाच्या सेन्सरचं गणित

चाकासोबत एक दातेरी रिंग फिरते आणि तिच्याजवळ सेन्सर स्थिर बसवलेला असतो. प्रत्येक दात समोरून गेला की एक विद्युत ठोका मिळतो. नव्या गाड्यांत दातांऐवजी बेअरिंगवर चुंबकीय पट्टी असते, तत्त्व तेच.

१८५/६५ आर१५ मापाचं टायर घ्या. रुंदी १८५ मिमी, उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२०.२५ मिमी, रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी.

व्यास = ३८१ + १२०.२५ + १२०.२५ = ६२१.५ मिमी
परीघ = ३.१४ × ६२१.५ = सुमारे १९५० मिमी, म्हणजे १.९५ मीटर

गाडी ताशी ६० किमी वेगाने जातेय, म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. चाक सेकंदाला सुमारे साडेआठ फेरे मारतं. रिंगला ४८ दात असतील तर सेकंदाला सुमारे ४१० ठोके. एक दात तुटला किंवा गंजाने भरला, तर प्रत्येक फेरीत एक ठोका चुकतो. संगणकाला वाटतं, हे चाक मधूनच थबकतंय.

वळणावर काय होतं तेही पाहा. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर आहे आणि ती १० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जातेय असं समजा. आतलं चाक ९.२५ मीटर त्रिज्येवर, बाहेरचं १०.७५ मीटर त्रिज्येवर. बाहेरचं चाक सुमारे १६ टक्के जास्त अंतर कापतं. हा फरक योग्यच आहे, कारण स्टेअरिंग तेवढं फिरलेलं आहे. पण स्टेअरिंग सरळ असताना असा फरक दिसला तर? म्हणून टायर एकाच मापाचे हवेत. टायरच्या नक्षीची खोली नवीन असताना ८ मिमी आणि कायद्याच्या किमान मर्यादेला १.६ मिमी धरली, तर त्याच टायरचा व्यास १२.८ मिमीने कमी होतो, म्हणजे सुमारे २ टक्के. एवढा फरक यंत्रणा बहुधा सांभाळून घेते. माप चुकीचं असेल तर तो याहून खूप मोठा होऊ शकतो.

७. एक उदाहरण : फक्त पावसात लागणारा दिवा

आमच्या एका सहकारी शिक्षकांची गाडी. पावसाळ्यात दिवा लागायचा, दोन दिवस ऊन पडलं की आपोआप जायचा. एबीएसचा दिवाही सोबत असे. एका गॅरेजमध्ये कोड पाहून सांगण्यात आलं, "एबीएसचं मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल." खर्च त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. रोज शाळेला जाण्याच्या रस्त्यावर घाट, त्यामुळे दिवा तसाच ठेवून चालवणंही धोक्याचं. त्यांनी दुसरीकडे दाखवायचं ठरवलं.

जाताना त्यांनी एक कागद सोबत नेला. कोणत्या दिवशी दिवा लागला, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, एवढंच त्यावर लिहिलं होतं. दुसऱ्या मेकॅनिकने तो कागद वाचला आणि म्हणाला, "मॉड्यूल गेलं असतं तर उन्हात बरं झालं नसतं. पाणी कुठेतरी शिरतंय." कोड मागच्या डाव्या चाकाचा होता. चारही चाकांचे वेग स्क्रीनवर घेतले, तर तेच चाक मध्येच शून्यावर जायचं. गाडी उभी करून चाकामागचा कनेक्टर उघडला. आत पाणी आणि पिनांवर हिरवा गंज. कनेक्टर बदलला, वायर चिखल उडणार नाही अशी वर बांधली, कोड पुसला आणि गाडी फिरवून पाहिली. दिवा गेला. पुढच्या मोठ्या पावसातही आला नाही.

इथे यंत्रापेक्षा निरीक्षणाने काम केलं. "कधी होतं आणि कधी होत नाही" हा प्रश्न विचारला की निम्मा शोध पुरा होतो. आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना हेच शिकवतो.

८. कारण आणि त्यावरची दुरुस्ती

- सेन्सरवर चिखल किंवा लोखंडी भुगा : काढून पुसून पुन्हा बसवणं. सेन्सर जागेवर गंजून बसला असेल तर ठोकून काढताना तुटतो, म्हणून सावकाश काम करायला सांगा.
- वायर तुटलेली किंवा उंदराने कुरतडलेली : वायर नीट जोडून पाणी जाणार नाही असं आवरण. पावसाळ्यात बंद गाडीत उंदीर शिरतात, हे कारण आपल्याकडे नेहमीचं आहे.
- दातेरी रिंग गंजलेली किंवा तडकलेली : रिंग बदलणं. थांबताना, अगदी कमी वेगात, ब्रेकचं पेडल उगाच थरथरत असेल तर हे कारण तपासा.
- बेअरिंग सैल : चाकातून घूं घूं आवाज येतो. बेअरिंग बदलल्यावर दिवाही जातो. चुंबकीय पट्टीचं बेअरिंग उलट बसवलं तर सेन्सरला काहीच 'दिसत' नाही, हेही मेकॅनिकला माहीत हवं.
- सेन्सरच खराब : बदलणं. जुन्या, वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध मीटरने मोजता येतो आणि दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहता येतो. नव्या, इलेक्ट्रॉनिक सेन्सरला ओहम मीटर लावू नये, तो बिघडू शकतो.
- वळण मोजणारा सेन्सर : अनेक गाड्यांत तो गाडीच्या मध्यभागी, सीटांमधल्या कन्सोलखाली असतो. तिथलं काम झाल्यावर तो तिरका बसला तर चुकीची माहिती देतो.
- कंट्रोल युनिट किंवा पंप : हे सगळ्यात शेवटी. बाकी सगळं तपासून झाल्यावरच. हे बदलताना ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागतात आणि नंतर ब्रेकमधली हवा पूर्ण काढावी लागते. हे काम घरी करायचं नाही.

मेकॅनिकला तीन प्रश्न नक्की विचारा : कोड कोणता आला? तो भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं? दुरुस्तीनंतर गाडी चालवून पाहिली का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. तो तुम्हाला जुना भाग हातात देऊन दाखवतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसावा लागतो. काही गाड्यांत दिवा जागेवर विझत नाही. थोडा वेग घेतला की यंत्रणा चाकांची खात्री करते आणि मगच विझतो. मात्र दुरुस्ती न करता नुसता कोड पुसून घेऊ नका. तसं करणं म्हणजे मुलाच्या प्रगतिपुस्तकातला लाल शेरा खोडरबराने पुसणं.

९. वर्गात आणि घरी काय करून घेता येईल?

१. वर्तुळाचा परीघ : घरच्या सायकलच्या किंवा गाडीच्या टायरवर खडूने खूण करा, एक पूर्ण फेरा होईपर्यंत ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. सूत्राने आलेलं उत्तर आणि मोजलेलं उत्तर का वेगळं येतं, यावर चर्चा करा. गाडी मोठ्या माणसानेच ढकलायची.

२. इयत्ता नववी, गतीचे नियम : चालती गाडी सरळ रेषेतच जायला बघते. वळण घ्यायला रस्त्याचं घर्षण लागतं. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किमी वेगाला लागणारं त्वरण, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, सुमारे ५.६ मी/से² येतं. ताशी ४० किमीला ते फक्त २.५ च्या आसपास. वेग एक तृतीयांश कमी केला, पण रस्त्याकडून लागणारी पकड निम्म्याहून कमी झाली. 'घाटात सावकाश' या पाटीमागचं गणित मुलांना असं पटतं.

३. इयत्ता दहावी, विद्युतधारेचे परिणाम : तारेचं वेटोळं, गॅल्व्हानोमीटर आणि चुंबक घ्या. चुंबक हळू हलवा, मग वेगाने हलवा. काटा कधी जास्त हलतो? जुन्या पद्धतीचा चाकाचा सेन्सर याच तत्त्वावर चालतो. चाक अगदी सावकाश फिरत असताना त्याचा संदेश क्षीण का होतो, हे मुलं स्वतःच सांगतील.

४. निरीक्षणवही : घरातल्या कुठल्याही बिघडलेल्या वस्तूची आठवडाभर नोंद करायला सांगा. कधी बिघडते, कधी चालते, आधी काय झालं होतं. शेवटी प्रत्येकाने एकच संभाव्य कारण आणि ते तपासण्याची एक पद्धत लिहायची. विजेच्या वस्तू उघडायच्या नाहीत, फक्त निरीक्षण करायचं, हे बजावून सांगा.

थोडक्यात

लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा काम करतेय, वेग कमी करा. सतत लागलेला पिवळा दिवा म्हणजे मदतनीस रजेवर आहे, जपून चालवा आणि लवकर दाखवा. सोबत लाल दिवा असेल तर थांबा. आधी बटण, बॅटरी, टायर, ब्रेक ऑईल आणि ब्रेक लाईट, मग स्कॅनर, मग वायर आणि सेन्सर, आणि सगळ्यात शेवटी महागडं युनिट. हा क्रम पाळलात तर बहुतेक वेळा पैसे वाचतील.

आणि दिवा विझला, यंत्रणा ठणठणीत झाली, तरी एक गोष्ट विसरू नका. ही यंत्रणा टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच वापरू शकते, नवीन पकड निर्माण करू शकत नाही. गुळगुळीत झालेले टायर आणि जास्त वेग यांना तिच्याकडेही उत्तर नाही.

येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊन गाडीची चावी फिरवा आणि कोणते दिवे लागतात, कोणते कधी विझतात, याची यादी त्यांच्याकडून करून घ्या. माहितीपुस्तिका त्यांनाच वाचायला द्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या प्रवासात डॅशबोर्डकडे लक्ष ठेवणारी आणखी एक डोळ्यांची जोडी तुम्हाला मिळेल.